तख्त-ए-जमशीदचं मस्टर

माझ्या पर्समध्ये तीन मीटरची टेप कायम असते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ती काढून ठेवायला हात धजत नाही. लग्नाच्या हॉलचा जिना चढतानासुद्धा पाय आपोआप मोजत राहतात : ही पायरी सहा इंच, ही साडेसहा, इथे आज कुणीतरी ठेचकाळणार. त्यामुळे इराणमधल्या तख्त-ए-जमशीदच्या पायथ्याशी आमची मंडळी फोटो काढायला पांगली, तेव्हा मी वाकून पायरीला टेप लावली. चढण्या-उतरण्यासाठी तिथे आता लाकडी फळ्या घातल्यात, पण कडेला मूळ दगड उघडा आहे. उंची दहा सेंटिमीटर. पुढची, दहा. त्याच्या पुढची, दहाच.

तेवढ्यात शिट्टी वाजली. पहारेकरी आला, टेपकडे बघून काहीतरी म्हणाला. मला फारसीतला एकच शब्द पाठ होता, तो मी टाकून दिला : "मोहंदेस." म्हणजे अभियंता. त्याचा चेहरा सैल पडला. "खानूम मोहंदेस?" त्याने माझ्याकडे, मग टेपकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न मी सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक पाझर तलावावर ऐकला होता, फक्त भाषा वेगळी. मी मान डोलावली. डोक्यावरचा रुमाल घसरला, तो पुन्हा ओढून घेतला. दहा दिवसांत त्या रुमालाने मला आजीच्या पदराची आठवण इतक्या वेळा करून दिली, की शेवटी त्याचा राग येईनासा झाला.

शिराझपासून साठेक किलोमीटरवर, कूह-ए-रहमत नावाच्या डोंगराला पाठ लावून हा चौथरा उभा आहे. आपण शाळेत ज्याला पर्सेपोलिस म्हणून शिकलो, तोच. इ.स.पू. ५१८ च्या सुमारास हखामनी घराण्याचा पर्शियन सम्राट दारियस पहिला याने काम काढलं. मुलगा झर्क्सीस आणि नातू आर्टाझर्क्सीस यांनी ते पुढे नेलं. आकार साधारण साडेचारशे मीटर बाय तीनशे. वर जायला समोरासमोर दुहेरी जिना, एका बाजूने चढलं की १११ पायऱ्या, रुंदी जवळजवळ सात मीटर. पायरी दहा सेंटिमीटर उंच आणि एकतीस रुंद. आम्ही नेहमीची पंधराची पायरी धरली असती, तर चौऱ्याहत्तरात वर पोचवलं असतं. म्हणजे सदतीस पायऱ्यांचा जादा खर्च, कशासाठी? गाइड सांगतात, घोड्यावरून चढता यावं म्हणून. मला ते पटत नाही. अशा पायरीवर माणसाला धापच लागत नाही. लांब झगा उचलावा लागत नाही, खाली बघावं लागत नाही, शेजाऱ्याशी बोलणं तुटत नाही. राजाला भेटायला येणारा माणूस घामाघूम दिसू नये याची तजवीज कुणीतरी पायरीच्या उंचीतच करून ठेवली होती. एकेका दगडात चार-चार, पाच-पाच पायऱ्या कोरून काढल्यात, त्यामुळे सांधेही कमी.

सांध्यांकडे मी फार वेळ बघत बसले. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड, मधून पोस्टकार्ड जाणार नाही. दोन दगडांच्या सांध्यावर डमरूच्या आकाराची खाच खोदायची, तीत लोखंडी डमरू बसवायचा आणि वर शिसं ओतायचं. कित्येक ठिकाणी ते डमरू नाहीत, नुसती ओबडधोबड भोकं आहेत : नंतरच्या काळात लोखंड-शिशासाठी लोकांनी ती कोरून नेली. साम्राज्य गेल्यावर उरलेलं भंगार कुणाच्या तरी नांगराच्या फाळाला कामी आलं असेल, तर माझी काही तक्रार नाही.

आणि गटारं! हे वाचून हसाल, पण मी आयुष्यभर पाण्याला वाट काढून द्यायचंच काम केलं. इमारती उभारण्याआधी त्या लोकांनी खालच्या खडकात पाण्याचे मार्ग कोरून घेतले होते. डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी महालांच्या पोटाखालून मुकाट निघून जावं म्हणून. आधी गटार, मग इमारत. हा साधा क्रम पटवून देण्यात माझी तीस वर्षं गेली. एका कामावर तर नाल्याचा नकाशा उद्घाटनाच्या फलकानंतर आला होता. असो.

वर गेलं की झर्क्सीसचं सर्व राष्ट्रांचं दार लागतं, माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल दोन्ही बाजूंना. मुंबईत फोर्टातल्या अग्यारीच्या दाराशी असेच बैल पाहिलेले असल्यामुळे मला उगाच ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. दगडावर जुन्या प्रवाशांनी नावं कोरलीत, त्यात आफ्रिकेतल्या प्रवासांसाठी नामांकित पत्रकार स्टॅन्लीचंही आहे, १८७० साल आणि आपल्या न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्राच्या नावासकट. सिंहगडावर बाण मारलेलं बदाम काढणारी आपली पोरं एकटी नाहीत.

पण मी आले होते ती अपादानाच्या पूर्वेकडच्या जिन्यासाठी. अपादाना म्हणजे राजाचा दरबार. बहात्तर खांब होते, प्रत्येक सहा मजली घराएवढा. आज तेरा उभे आहेत. त्याच्या पूर्वेकडच्या जिन्याच्या भिंतीवर साम्राज्यातल्या तेवीस देशांची शिष्टमंडळं कोरलेली. शतकानुशतकं हा भाग मातीखाली गाडलेला राहिला, म्हणून नाक-डोळे शाबूत आहेत. आता वर छप्पर आणि पुढे कठडा आहे. एका गटानंतर एक सायप्रसचं झाड कोरलंय. स्वल्पविराम दिल्यासारखं. प्रत्येक गटाच्या म्होरक्याचा हात धरून एक पर्शियन नाहीतर मीड (इराणातल्याच दुसऱ्या जमातीचा) अधिकारी त्याला पुढे नेतोय. हात धरून! असिरियाच्या राजांनी आपल्या महालांच्या भिंतींवर कापलेली मुंडकी मोजणारे कारकून कोरून घेतले होते. त्यांच्यानंतर आलेल्या या लोकांनी त्यांचे बैल उचलले, पंख उचलले, भिंतीवर ओळीने माणसं कोरायची रीत उचलली आणि मुंडकी तेवढी वगळली. इथे सगळे आपणहून आल्यासारखे. कुणी घोडा आणलाय, कुणी मेंढे, कुणी दोन वशिंडांचा उंट, कुणी भांडी, कुणी कापड. एवढ्या मोठ्या भिंतीवर एकही हत्यार उगारलेलं नाही. माराबिराची सगळी जबाबदारी कोपऱ्यातल्या सिंहावर टाकलीय, तो बैलाच्या मागच्या बाजूला दात रोवून बसलाय.

अठरावा गट आपला. म्हणजे हिंदूशचा, सिंधूकाठचा. म्होरक्याच्या पायात वहाणा, अंगावर पांघरलेलं कापड. मागचे उघडे, कमरेला आखूड धोतर, अनवाणी. एकजण गाढव घेऊन निघालाय. आणि त्याच्या पुढे जो आहे, त्याच्या खांद्यावर कावड.

मी माण तालुक्यातली. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी जातात, मुंगी घाटाच्या कड्यावरून माणसांच्या साखळीने वर चढवतात, ते बघत मी मोठी झाले. आजोबा आडावरून घरी पाणी आणायचे तेही कावडीनेच. त्यामुळे भारतापासून एवढ्या लांब, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर तो दांडा, ती दोन्हीकडची शिंकाळी आणि त्यातल्या फुगलेल्या पिशव्या दिसल्या, तेव्हा कठड्यावर माझे दोन्ही हात आवळले गेले. अभ्यासक म्हणतात, पिशव्यांत सोन्याची भुकटी आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय की हिंदी लोक दारियसला दर वर्षी ३६० टॅलंट (तेव्हाचं वजनाचं माप) सोन्याची भुकटी द्यायचे, म्हणजे हजारो किलो झाले. तेव्हा मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, सोन्याचांदीपुढे हा माणूस काही गरीब पाहुणा नव्हता, फक्त अनवाणी होता.

पण मला तरी त्याच्या कावडीचा दांडा कुठे वाकलेला दिसला नाही. गुडघेही सरळ. कावड भरली की माणूस चालत नाही, तो एका लयीत दुडकतो. दांडा लवतो आणि त्या लवण्यातच पाऊल पडतं. पिशव्यांत खरंच सोनं असेल, तर हा माणूस असा ताठ उभा राहू शकत नाही. कोरणाऱ्याने कावड कधी उचलली नसावी. किंवा उचलली असेल, पण त्याला सांगितलं असेल : वजन दाखवायचं नाही. त्या जिन्याच्या पायरीसारखंच. इथे कुणालाही धाप लागलेली दिसता कामा नये.

मग मी दुसरीच एक मोजणी सुरू केली. सवयच तशी. कामावर पोचलं की आधी डोकी मोजायची, गडी किती, बाया किती. सैनिक, सरदार, भेटी आणणारे, पहारेकरी, नोकर, जिन्याच्या पायऱ्यांबरोबर जेवणाचं सामान वर नेणारे. गडी, गडी, गडी. शेकडो. बाई एकही नाही. पर्सेपोलिसच्या सगळ्या भिंती धुंडाळल्या तरी बाई कोरलेली सापडत नाही. मादी आहे ती एक : एलाम या शेजारच्या प्रांताच्या गटाने आणलेली सिंहीण. तिचे बछडे मागून दोन माणसं छातीशी धरून आणतायत आणि ती मान पूर्ण मागे वळवून त्यांच्याकडे बघतेय, जबडा उघडून. एवढ्या शिस्तीच्या मिरवणुकीत तिचं तोंड तेवढं उलट्या दिशेला.

भिंतीवर बाई नाही याचा अर्थ कामावर नव्हती असा होत नाही, हे मला सांगायला नको होतं. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. रस्ता झाला, त्याचा फलक लागला, त्यावर आजी कशी असेल. ती असलीच तर मस्टरवर. अंगठा उठवून.

तर पर्सेपोलिसचं मस्टर सापडलेलं आहे.

१९३३ साली अर्न्स्ट हर्झफेल्ड तिथे शिकागोच्या संस्थेतर्फे उत्खनन करत होता. चौथऱ्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या तटबंदीत मातीच्या पाट्यांचा ढीग निघाला. तळहातात मावतील एवढ्या पाट्या, लाडवासारख्या वळून चपट्या केलेल्या, हजारोंनी. तुकडे धरले तर आणखी कितीतरी. मजकूर बहुतेक एलामी भाषेत, काळ इ.स.पू. ५०९ ते ४९३, म्हणजे ऐन दारियसच्या अमदानीतला. वाचायला त्या शिकागोला उसन्या नेल्या. रिचर्ड हॅलॉक नावाच्या गृहस्थाने आयुष्य घालवून १९६९ मध्ये त्यातले २,०८७ मजकूर छापले. पुढे त्या पाट्यांवरून अमेरिकेत मोठा दावा चालला, इराणकडून नुकसानभरपाई वसूल करण्यासाठी त्यांचा लिलाव करावा म्हणून. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, आणि त्यानंतरच्या वर्षी जवळजवळ अठराशे पाट्या घरी परतल्या.

लोकांना वाटलं असेल, राजाच्या लढाया निघतील, कट निघतील. निघालं काय, तर जव. अमक्या गावच्या कोठारातून, अमक्याच्या हुकमाने, इतके मजूर, इतके महिने, इतके जव. वाइन इतकी. मेंढ्या इतक्या. प्रवासाला निघालेल्यांना वाटेत पीठ किती द्यायचं, त्यात आपल्या हिंदूशला जाणारे-येणारेही आहेत. एका पाटीवर चक्क ग्रीक अक्षरांत दोन माप वाइन लिहिलीय. कारकून ग्रीक होता आणि वरिष्ठांनी चालवून घेतलं. 'पाट्या टाकणे' हा आपल्याकडे कामचुकारपणाचा शब्द आहे, पण या लोकांनी अक्षरशः पाट्या टाकल्या म्हणून आज आपल्याला काही कळतंय. आणि कारकून, हजेरी, इमारत, दस्तऐवज हे आपले रोजचे कचेरीचे शब्द आले त्याच फारसी मुलखातून.

मी नोकरीला लागले तेव्हा रोजगार हमीच्या कामांवर मस्टर तपासणं हे माझ्याकडे होतं. बाभळीच्या झाडाला लुगड्याच्या झोळ्या टांगलेल्या, त्यात लेकरं. मुकादम नाव पुकारणार, मी खूण करणार. मजुरी गडी-बाईला सारखीच होती, कागदावर. एका कामावर मला महिनाभराने कळलं की बायांची हजेरी नवऱ्यांच्या नावावर लागतेय, "घरातच जातंय की पैसं, म्याडम." ते मस्टर मी फाडून नव्याने लिहायला लावलं, त्याची शिक्षा म्हणून चार महिन्यांत बदली झाली. म्हणून इराणहून परतल्यावर मी त्या पाट्यांची भाषांतरं एखादं जुनं मस्टर तपासावं तशी वाचली, बोट ठेवून ठेवून.

साध्या गड्याला महिन्याला तीसेक लिटर जव, म्हणजे दिवसाला लिटरभर. त्यावर पोट भरायचं आणि उरलं तर बदल्यात मीठमिरची घ्यायची. आणि साहेब? पर्नाका नावाचा सगळ्या कारभाराचा मुख्य, दारियसचा काका समजला जाणारा. त्याचा एका दिवसाचा भत्ता : दोन मेंढ्या, नव्वद माप वाइन, एकशेऐंशी माप पीठ (इथे माप म्हणजे साधारण लिटर). मजुराच्या सहा महिन्यांचं साहेबांच्या एका दिवसात. अर्थात त्यात त्याचा लवाजमा जेवत असणार. याच पर्नाकाचं एक पत्र आहे : माझा आधीचा शिक्का बदललाय, यापुढे या पाटीवर उमटलाय तोच माझा शिक्का समजावा. हे वाचून मी मोठ्याने हसले. या मजकुराची परिपत्रकं मी स्वतः फायलीला लावली आहेत, शिक्क्याच्या नमुन्यासकट.

बाया तर पानोपानी. मजुरांच्या टोळ्यांत बायांच्या टोळ्या, त्यांत मुली-मुलगे वेगळे मोजलेले, त्यांच्या वयाप्रमाणे कमीजास्त माप. राजघराण्यातली इर्दबामा, तिच्या मालकीच्या जमिनी, तिचे मजूर, तिचा स्वतःचा शिक्का. आणि टोळीची मुकादमीण! तिचं पद एलामीत 'अराश्शरा'. महिन्याला पन्नास माप धान्य, तीस माप वाइन आणि मेंढीचा तिसरा हिस्सा. साध्या गड्याला मटणाचं नाव नाही आणि हिला मेंढीचा तिसरा हिस्सा. अशी एखादी मुकादमीण मला नोकरीत मिळाली असती तर माझ्या निम्म्या बदल्या वाचल्या असत्या.

मग बाळंतिणींच्या पाट्या. बाळंत झालेल्या मजूर बाईला वरचा शिधा मिळायचा, वाइन किंवा बिअर, आणि धान्य. मला आपल्याकडचं डिंकाचं, अळीवाचं आठवलं. बरं वाटलं. पुढच्या ओळीवर बोट गेलं : मुलगा झाला तर दहा माप, मुलगी झाली तर पाच.

बोट तिथेच राहिलं बराच वेळ.

दारियसने बांधकामाची एक फुशारकी लिहून ठेवलीय, सूसा या त्याच्या दुसऱ्या राजधानीतल्या महालाची. देवदार लेबनॉनचं, सोनं सार्डिस आणि बॅक्ट्रियाचं, चांदी आणि आबनूस मिसरचं, हस्तिदंत कूश, हिंदूश आणि अराकोशियाचं. पाथरवट आयोनियाचे, म्हणजे ग्रीक, सोनार मीड आणि मिसरी, विटा भाजणारे बॅबिलोनचे. वाचताना मान डोलते. पण ही मालाची यादी आहे. त्यात माणसंही माल म्हणून, देशाच्या नावाने. कार्ल्याच्या लेण्यात खांबांच्या डोक्यावर घंटेसारखे घाट आणि वर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी आहेत, त्यांचं नातं जुने अभ्यासक थेट पर्सेपोलिसशी लावायचे. त्या वादात मी पडत नाही. मला त्या लेण्यात आवडतो तो दारापाशी लेख : धेनुकाकटच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, सामीने हे दार केलं. सामी, बापाच्या नावासकट. दारियसच्या भिंतीवर असा कुणी सामी नाही.

चोरून मात्र आहे. न्यू यॉर्कच्या संग्रहालयात पर्सेपोलिसच्या एका शिल्पाचा तुकडा आहे, राजाचं पाऊल. ते मी फोटोतच पाहिलंय. बुटावर अगदी बारीक टोकाने ओरखडून काढलेली चित्रं आहेत : दाढीवाल्या माणसांची डोकी, जनावरं, ग्रीक धाटणीची. आयोनियाच्या कुठल्यातरी पाथरवटाने जेवणाच्या सुट्टीत गंमत केली असणार. वर रंग चढायचा होता (हे सगळं रंगीत होतं, आज दिसतं तसं करडं नव्हतं), म्हणजे रंगाखाली झाकलं जाणार हे त्याला पक्कं ठाऊक. आमच्या कामावर प्लास्टर होण्याआधी विटांवर कोळशाने हिरोइनी काढायचे, तसंच. राजाच्या चेहऱ्यावर नाही काढलं, बुटावर काढलं.

इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरने इथे मुक्काम केला आणि निघताना आग लागली किंवा लावली. खजिना वाहून न्यायला वीस हजार खेचरं आणि पाच हजार उंट लागले असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. देवदाराची तुळई, पडदे, सोन्याचे पत्रे, सगळं गेलं. तटबंदीच्या खोलीतल्या कच्च्या मातीच्या पाट्या ढासळलेल्या भिंतीखाली दबून राहिल्या. चोरायला त्यात कुणाला काही दिसलंच नसणार.

बहात्तरची मस्टरं मी एकदा शोधली होती. एका कचेरीत बदलीवर असताना, जुन्या दप्तरात, आजीच्या अंगठ्यासाठी. शिपाई म्हणाला, "ती मागंच रद्दीत गेली, म्याडम. मुदत संपली व्हती."

इराणहून आल्यावर गावी गेले, तेव्हा थोरल्या काकीला फोनवरचे फोटो दाखवले. वय नव्वदीला टेकलंय, पण नजर शाबूत. ती आजीबरोबर खडीवर होती, सुकडी तिनेही खाल्लेली. खांब, बैल, जिना तिने भराभर सरकवले. कावडवाल्यापाशी थांबली. "ह्यो मोकळीच कावड घिऊन चाललाय," म्हणाली. मग मी तिला पाट्यांचं सांगितलं. जव, मेंढी, मुकादमीण. मुकादमिणीवर ती खूश झाली, मेंढीचा तिसरा हिस्सा म्हणजे किती ते बोटांवर मोजून बघितलं. शेवटी बाळंतिणीचं सांगितलं, पोराला दहा, पोरीला पाच.

मला वाटलं चिडेल. ती गवारीच्या शेंगा निवडत होती, निवडत राहिली. दोन-चार शेंगा झाल्यावर मान वर करून म्हणाली, "आन् जुळं झालं तर गं? एक पोरगं, एक पोरगी?"